मेलेल्यांच्या नावची घरपट्टी

नगरपालिकेत अकौंटंट होतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस जन्मभर नोटा मोजत बसला असणार. नोटा मोजणं हे कॅशिअरचं काम. माझं काम अंदाज बांधण्याचं. पुढच्या वर्षी गावात किती गूळ येईल, किती कापड येईल, किती लोक घरपट्टी भरतील आणि किती जण मला बघून गल्ली बदलतील, हे जानेवारीत कागदावर मांडायचं आणि मग वर्षभर तो अंदाज मोडताना बघत बसायचं. ज्योतिष्याचा आणि माझा धंदा तसा एकच. फरक एवढाच, की ज्योतिषी चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. मी चुकलो तर झाडूवाल्यांचा पगार थांबायचा.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. एका अंगाला पारनेरचा कोरडा माळ, दुसऱ्या अंगाला श्रीगोंद्याचा ऊस. नगरपालिकेच्या उत्पन्नाच्या दोन वाटा. एक जकात: गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर घ्यायचा कर. दुसरी घरपट्टी. जकात रोज येते, हातोहात येते, म्हणून सगळे तिच्यावर जीव टाकतात. आमच्या नाक्यावर एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडचा एक म्हातारा तांदळाचं पोतं घेऊन जीपमधून उतरला. लेकीच्या घरी पहिलं बाळंतपण होतं. नाकेदारानं जकात मागितली, तर म्हातारा पोत्यावर बसला आणि म्हणाला, "इकायला आनलेला न्हाई. नातू हुस्तवर मी हितंच बसतो, मग माझी लेक येऊन सांगंल तुला." नाकेदार घाबरून मला बोलवायला आला. घरगुती वापराच्या मालाला सूट असते, एवढंच त्या नाकेदाराला ठाऊक नव्हतं. म्हातारा तोवर दोन तास पोत्यावर बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नातवाची खबर देत होता. नात झाली, हे नंतर कळलं.

घरपट्टीची गोष्ट निराळी. ती मागावी लागते, पुन्हा मागावी लागते, आणि मागणारा थकला की ती 'थकबाकी' होते.

माझ्या आधीच्या अकौंटंटना सगळे आण्णा म्हणत. खुर्ची माझ्याकडे देताना त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक चांगली, एक वाईट. चांगली अशी: "शांतवन, पैसा हातात आला की आधी घसारा, मग पगार, मग दिवाबत्ती, आणि उरलंच तर अध्यक्षांची हौस." घसारा म्हणजे पंपाची झीज. गावाला पाणी नदीकाठच्या विहिरीतून यायचं. विहिरीवर पंप, पंपातून टेकाडावरच्या टाकीत, टाकीतून नळाला. पंप आज ना उद्या म्हातारा होणार, त्या दिवसासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढून बँकेत ठेवायचे. तो घसारा निधी. घरातली बाई डाळीच्या डब्यात पैसे लपवते, तसलाच प्रकार. फक्त आमच्या डब्याला ठराव लागायचा.

वाईट गोष्ट अशी. अंदाजपत्रक शिलकी दिसावं लागतं. जमा कमी आणि खर्च जास्त असं दाखवून चालत नाही. मग ताळा कसा बसवायचा? आण्णा म्हणाले, "थकबाकी आहे की! वसूल होईल म्हणून लिहायचं." थकबाकीचं रजिस्टर जाडजूड. त्यातली निम्मी माणसं मेलेली, काही घरं पडलेली. पण आमच्या गावात माणूस मेला तरी घरपट्टीच्या रजिस्टरात जिवंत राहायचा. वारस नाव बदलून घ्यायचे नाहीत, कारण नाव बदललं की मागली बाकी गळ्यात पडते. आम्हीही नाव काढायचो नाही, कारण नाव काढलं की जमेचा आकडा घटतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, त्यातलाच हा प्रकार. ते दूध मी दरवर्षी ओळीनं मोजून अंदाजपत्रकात ओतत होतो आणि सभेत कुणी विचारलं तर मान वर करून उत्तर देत होतो.

आता माझ्या पापाकडे येतो. सत्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावर जकात अचानक आटली. पगाराला पैसे नव्हते. झाडूवाले, नळवाले, दिवाबत्तीवाले दारात येऊन बसले. दिवाळी चार दिवसांवर. मलाच युक्ती सुचली, दुसऱ्या कुणाला नाही. घसारा निधीतून उसने घ्यायचे आणि मार्चअखेर परत भरायचे. ठराव मीच लिहिला. अध्यक्ष बापूसाहेब, सडेतोड बोलणारा आणि कागद न वाचता सही करणारा माणूस, त्यांनी सही केली. पगार झाला. लोकांनी माझ्या घरी लाडू-चिवड्याची ताटं पाठवली. आम्ही ख्रिस्ती, आमची दिवाळी नाही. पण त्या वर्षी गावात सगळ्यात जास्त फराळ माझ्याच घरात होता.

मार्च आला, गेला. परत भरायला पैसे निघाले नाहीत. पुढल्या अंदाजपत्रकात 'निधीस परत' म्हणून रक्कम धरली, ती रस्त्याच्या डांबरात गेली. कागदावर मात्र घसारा निधी भरलेला दिसायचा, चाळीस हजार. खाली बारीक अक्षरात मी टीप टाकायचो: यापैकी चौतीस हजार उसनवार दिले आहेत. टीप खरी होती. पण टीप कोण वाचतं? मी ती टाकत होतो आणि कुणी वाचू नये अशी मनातून इच्छाही करत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग बहात्तरचा पाऊस गेला. दुष्काळाचं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना ते पटणार नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर त्र्याहत्तरच्या जानेवारीत विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की जुन्या पंपाला ते ओढताच येईना. पंपाची ताकद ठरलेली असते, त्याच्या खाली पाणी गेलं की तो नुसता हवा पितो. गावाला एक दिवसाआड, मग तीन दिवसांआड पाणी यायला लागलं. इंजिनिअरनं सांगितलं: विहीर खोल करा आणि खोलातून पाणी उचलणारा नवा टर्बाइन पंप बसवा. खर्च छत्तीस हजार. उन्हाळ्याआधी झालं तर गाव वाचेल.

सव्वीस जानेवारीला नगरपालिकेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. बापूसाहेब भाषणाला उभे राहिले. "मंडळी, घाबरू नका," ते म्हणाले. "आपन कुनापुढं हात पसरनार न्हाई. आपल्याकडं घसारा निधी हाय, चाळीस हजार! आमच्या साळवेअकौंटंटनी पै-पै करून साठवलाय. नवा पंप एप्रिलच्या आत बसनार!"

टाळ्या पडल्या. लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. तेवढंच जमलं. 

झेंडावंदनानंतरचा चहा न घेता मी बापूसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निधीत सहाच हजार आहेत. बाकीचे सत्तरच्या दिवाळीला पगारात गेले. युक्ती माझी, मसुदा माझा.

बापूसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सही माझी हाय का?"

"आहे."

"वाचली न्हाई मी."

"माहीत आहे."

"साळवे, सगळ्या गावासमोर बोललोय मी. आता आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं आनू?" आणि लगेच त्यांचे डोळे चमकले. "जकातीची अनामत हाय की! ती वापरा."

ही अनामत काय, ते सांगतो. जो माल गावात विकायचा नाही, नुसता गावातून पुढे जायचा आहे, त्याची जकात आम्ही एका नाक्यावर अनामत म्हणून घ्यायचो आणि गाडी दुसऱ्या नाक्यानं बाहेर पडली की परत करायचो. त्या वर्षी दुष्काळी भागाकडे धान्याच्या, कडब्याच्या गाड्यांची रीघ लागली होती. बरेच ट्रकवाले घाईत परतावा न घेता निघून जायचे आणि मागाहून पावत्यांचा गठ्ठा घेऊन येऊन पैसे न्यायचे. त्यामुळे तिजोरी तुडुंब दिसत होती. पण त्यातला रुपया आमचा नव्हता.

"बापूसाहेब, ते लोकांचे पैसे आहेत," मी म्हटलं. "उद्या ट्रकवाले नाक्यावर पावती दाखवतील, तेव्हा काय देऊ? एकदा मी डब्यात हात घातला, तेवढा पुरे. दुसऱ्यांदा घालायला लावाल, तर राजीनामा लिहून देतो."

एवढं मोठ्या आवाजात मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. ते चिडतील असं वाटलं. ते नुसते म्हणाले, "मग ऱ्हायलं काय?"

राहिली होती थकबाकी. सत्तर हजारांची. तीन वर्षं जिच्या जोरावर मी ताळे बसवले, ती आता खरोखर वसूल करायची होती.

कायद्यानं वसुली करायची म्हणजे नोटीस, वॉरंट, जप्ती. दुष्काळात कुणाचं भांडं उचलायचं? मी ठरवलं, दवंडी द्यायची. वॉर्डावॉर्डांतून हलगी वाजवून थकबाकीदारांची नावं वाचायची. लाजेनं का होईना, ज्यांच्याकडे आहेत ते भरतील. आमचा शिपाई सखाराम हलगी वाजवण्यात आणि ओरडण्यात पटाईत. रजिस्टरातून बापाच्या नावासकट नावांची यादी उतरवून मी त्याच्या हातात दिली आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर स्वतः गेलो.

पहिला वॉर्ड आमचाच, मिशनच्या आवाराभोवतीचा. सकाळी दहाची वेळ. सखारामनं हलगीवर टिपरी मारली. "ऐका हो ऐका! नगरपालिकेची घरपट्टी थकलेली नावं! रखमा वल्द सटवा! गणपत वल्द तुका! बाबाजी वल्द लक्षुमन!..."

लोक दारात आले आणि एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, बाबाजी? त्याला जाऊन धा वर्सं झाली की!" दुसरा म्हणाला, "गणपततात्या तर पलेगात गेल्ते." मी निघालो होतो जिवंत थकबाकीदारांना लाजवायला आणि भर रस्त्यात मेलेल्यांची हजेरी घेत होतो. सखाराम माझ्या कानाला लागला, "सायेब, ही समदी वर गेलेली मान्सं हायत. ह्यांच्याकडनं वसुलीला कोन जानार?"

थांबावं असं वाटत होतं, पण थांबलो असतो तर गाव हसलं असतं. यादी पूर्ण वाचली.

दुपारी जेवायला घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी मला चप्पल काढू दिली आणि मग म्हणाले, "शांतवन, सकाळी सखारामनं पहिलं नाव कुणाचं घेतलं?"

"रखमा वल्द सटवा. कोण होता कोण जाणे. सदोतीस रुपये बाकी आहेत."

"तुझा आजा होता," वडील म्हणाले.

माझे आजोबा रूबेन. मिशनच्या बागेत माळी होते. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी त्यांचं नाव रखमा, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी बांधलेल्या, त्या जुन्याच नावावर राहिल्या. पुढच्या खोल्या वडिलांनी बांधल्या. त्यांना नवा नंबर पडला आणि तेवढीच पट्टी आम्ही इमानदारीनं भरत आलो. मागच्या खोल्यांचं बिल रखमा वल्द सटवाला निघायचं, वसुली कारकुनाला तो सापडायचा नाही, कारकून 'मयत' असा शेरा मारायचा, आणि मी दरवर्षी माझ्या सुंदर अक्षरात माझ्या आजोबांची थकबाकी जमेच्या बाजूला लिहीत होतो. ज्या खोल्यांच्या बाकीवर मी ताळा बसवत होतो, त्यातल्याच एका खोलीत माझी खाट होती.

बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "गावाला दवंडी देताय आणि पहिले बुडवे आपणच का?" मी जेवलो नाही. सदोतीस रुपये खिशात घातले आणि सरळ कचेरीत जाऊन खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. पावती घेतली. सखारामला सांगितलं, "उद्या हलगी वाजवशील तेव्हा आधी सांग, रखमा वल्द सटवाची बाकी त्याच्या नातवानं भरली."

सखारामनं ते सांगितलं, आणि चार गोष्टी स्वतःच्या पदरच्या घातल्या. साळवेसायबांनी उपाशीपोटी येऊन आज्याचं नाव सोडवलं, असं काहीतरी. पण त्या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या कुठल्याही अंदाजपत्रकात बसलं नसतं. लोक यायला लागले. जिवंत माणसाला स्वतःचं नाव थकबाकीत वाजल्याची फारशी लाज नसते, तो कारणं सांगतो. पण मेलेल्या बापाचं नाव हलगीवर वाजलेलं पोराला सहन होत नाही. बाप काही कारण सांगायला येऊ शकत नाही ना.

बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार तणतणत आत आले. "माझा बाप जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुम्ही त्याची बाजारात अब्रू काढता?"

"मग नाव बदलून घ्यायचं होतं शेटजी."

"बदललं असतं तर चौदा वर्षांची बाकी मागितली असती तुम्ही!"

"ती आताही मागतोयच."

ते हसले, आणि त्यांनी पाकीट काढलं. श्रीगोंद्याला साखर कारखान्यात कामाला असलेला एक जण एस.टी.तून उतरला तो थेट खिडकीपाशी. त्याला बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. "आबांचं नाव वाजून झालं का अजून वाजायचंय?" त्यानं धापा टाकत विचारलं. अजून वाजायचं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

पाचव्या वॉर्डाच्या दवंडीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि खुद्द खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या दिवंगत चुलत्यांच्या नावावर त्या वॉर्डात तीन गाळे होते. बाकी मोठी होती. पैसे मोजून दिल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सख्याला सांगा, पाचव्या वॉर्डात जरा जोरात वाजव म्हनावं."

तीन आठवड्यांत अठ्ठावीस हजार जमले. मी रोज संध्याकाळी आकडा बघायचो आणि मनात म्हणायचो, सुटलो.

आणि मग एका शनिवारी काशीबाई आली.

शनिवारी दुष्काळी कामावर पगार वाटला जायचा. खिडकीपुढे एक पन्नाशीची बाई उभी, हातांना खडीची धूळ, बोटांना चिंध्या बांधलेल्या. कॅशिअर जेवायला गेला होता म्हणून पावतीपुस्तक माझ्यापुढे होतं.

"माझ्या मालकाचं नाव वाजलं म्हनं," ती म्हणाली. "कामावरच्या बायांनी सांगितलं. महादू गेनू. किती हाय?"

मी यादी बघितली. अकरा रुपये चाळीस पैसे. तिनं कनवटीची गाठ सोडली, पैसे मोजून ठेवले. चार दिवस खडी फोडल्याचे ते पैसे होते. मी नाव लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली. मग सवयीनं विचारलं, "घर कुठंशी आहे बाई तुमचं?"

"घर कुठलं? जोतं हाय नदीच्या अंगाला. पूर आल्ता त्या साली घर पडलं. त्याच्या म्होरल्या साली मालक गेले. मी तिथंच पत्र्याचं आडोसं करून ऱ्हाते."

मी यादीवरचं बोट काढलंच नाही. त्या ओळीपुढे पेन्सिलीनं 'पडके' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं. वसुली कारकुनानं मला सांगितलं होतं, मी ते टिपून ठेवलं होतं, आणि तरीही ती मागणी काढली नव्हती, कारण काढली असती तर जमेचा आकडा अकरा रुपयांनी घटला असता. पडलेल्या घराला पट्टी नसते. ही बाई माझ्या ताळ्यासाठी खडी फोडून आली होती.

"बाई, हे पैसे परत घ्या," मी म्हटलं. "तुमची काही बाकी नाही. चूक आमची आहे. ती पावती तेवढी द्या इकडे, रद्द करायला लागेल."

तिनं पावती तोवर घडी करून पदरात बांधली होती. "पैसे द्यायचं तर द्या," ती म्हणाली. "कागद न्हाई देनार."

"पण नियम आहे. पावती घेतल्याशिवाय पैसे परत करता येत नाहीत."

"मग ऱ्हाऊ द्या पैसे. ह्यांचं नाव सुटलं न्हवं?" आणि ती निघाली.

मी माझ्या खिशातले बारा रुपये घेऊन तिच्यामागे पायऱ्या उतरलो. नगरपालिकेनं परत केलेत, असं खोटं सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघून तिला ते कळलं असावं. पण तिनं घेतले, आणि साठ पैसे मोजून माझ्या हातावर परत ठेवले.

सोमवारी मी सगळं रजिस्टर काढलं. पडलेली घरं, वारस नसलेले मेलेले, दोनदा लिहिलेली नावं, सगळ्यांची यादी केली आणि बापूसाहेबांपुढे ठेवली. ही थकबाकी काढून टाकायचा ठराव करा म्हटलं.

"अंदाजपत्रक तुटीचं दिसंल," ते म्हणाले.

"दिसू द्या. तूट दिसली तर निदान कुणी भाषणात चाळीस हजार सांगणार नाही."

त्यांनी ठराव हातात घेतला आणि पहिल्यांदाच, मी साक्षी आहे, कागद शेवटपर्यंत वाचून सही केली. तळातली टीपसुद्धा वाचली.

अठ्ठावीस आणि निधीतले सहा मिळून चौतीस झाले. दोन हजारांसाठी पंपवाल्यानं महिनाभर थांबायचं कबूल केलं. विहीर पंधरा फूट खोल गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवा पंप सुरू करताना विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. बटण दाबलं. नळीतून आधी नुसती घरघर, मग गढूळ पाण्याची चूळ, आणि मग धो धो पाणी. बायकांनी हंडे वाजवले. सखारामनं हलगी आणली होतीच. मी आंब्याच्या झाडाखाली बसलो आणि रुमालानं डोळे पुसले. तीन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. वडील शेजारी येऊन बसले. "रखमाजींनी जन्मभर बागेला पाणी घातलं," एवढंच ते म्हणाले. पुढल्या तीन वर्षांत निधीचे सगळे पैसे मी परत भरून घेतले, आधी घसारा आणि मग बाकीचं, आणि त्यानंतर त्या डब्याला कुणाला हात लावू दिला नाही.

मला पस्तावा आहे तो त्या दवंडीचाच. तिनं गाव वाचवलं हे खरं. पण काशीबाईसारख्या आणखी किती जणी असतील, ज्यांना मी 'घर कुठंशी आहे' असं विचारलंच नाही?

पुढल्या वर्षी ऑडिट आलं. ऑडिटर हुशार होता, त्याला लगेच सापडलं: जे घर पडलं म्हणून मागणी काढली, त्याच घराची वसुली जमा आहे. त्यानं आक्षेप लिहिला: रक्कम परत करून मूळ पावती रद्द करून जोडावी. मी पुन्हा काशीबाईकडे गेलो. पाऊस बरा झाला होता, जोत्यावर तिनं दोडक्याचा वेल चढवला होता. पत्र्याच्या आत देवाच्या तसबिरीमागून तिनं पावती काढली, मला लांबूनच दाखवली आणि पुन्हा ठेवली.

"सायेब, मालकाचा फोटू न्हाई काढला कधी," ती म्हणाली. "घर पान्यात गेलं. त्यांचं नाव लिवलेलं माझ्याकडं येवढंच हाय. शिक्क्यासकट."

मी परत आलो आणि उत्तर लिहिलं: मूळ पावती उपलब्ध होऊ शकत नाही. आक्षेप तसाच राहिला. दरवर्षी ऑडिट यायचं, बाकीचे आक्षेप मिटायचे, हा अकरा रुपये चाळीस पैशांचा पुढच्या वर्षात जायचा. काशीबाई गेली त्या वर्षीही गेला.

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर मी किल्ल्या नव्या अकौंटंटच्या हवाली केल्या. तरुण, हिशेबाला चोख पोरगी होती. फाइल चाळताना ती थांबली. "सर, तुमच्या सगळ्या नोकरीत हा एकच आक्षेप शिल्लक आहे. मिटवून टाकू का? दोन ओळींचं काम आहे."

मी म्हटलं, "राहू दे. गावात महादू गेणूचं तेवढंच घर उरलंय."